फिश टँकचा फिल्टर घरच्या घरी: वाचकांचे प्रश्न

घरातल्या फिश टँकच्या फिल्टरबद्दल मराठवाड्यातून आलेले निवडक प्रश्न या अंकात घेतले आहेत. बोअरचे जड पाणी, मे महिन्यातले ऊन आणि वेळीअवेळी जाणारी लाईट या तीन अडचणी जवळजवळ प्रत्येकाने लिहिल्या आहेत. उत्तरेही त्या धरूनच दिली आहेत.

प्रश्न : घरी २ फूट लांब, १ फूट रुंद, सव्वा फूट उंच टाकी आहे. चार गोल्डफिश आणि सहा मॉली आहेत. दुकानात फिल्टर महाग सांगतात. माझ्याकडं साधा एअर पंप आहे. त्यावर चालणारा फिल्टर घरी करता येईल का? (लातूर)

उत्तर : येईल, आणि नीट केला तर वर्षानुवर्षे चालेल. आधी पाणी किती आहे ते काढा. लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची इंचांत घ्या, गुणाकार करा आणि ६१ ने भागा. पाणी १ फूट उंच असेल तर २४ × १२ × १२ म्हणजे ३,४५६. भागिले ६१, म्हणजे सुमारे ५७ लिटर. तळातली वाळू वजा करून ५० लिटर धरा.

सामान असे : दीड लिटरची रुंद तोंडाची झाकणवाली प्लॅस्टिक बरणी, लाईट फिटिंगचा २० एमएमचा पीव्हीसी पाईप एक फूट, दह्याचा किंवा आइस्क्रीमचा छोटा रिकामा कप, हवेची नळी दोन मीटर, एक नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (हवा-पाणी उलटे येऊ न देणारी छोटी झडप), पाऊण किलो काळी खडी, हरभऱ्याएवढी, फुटक्या माठाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे दोन मुठी, जाडसर छिद्रांचा स्पंज आणि थोडा पॉलिस्टर फायबर, जो उशीत भरतात तो. कापूस घेऊ नका, तो पाण्यात कुजतो. भांडी घासायचा स्पंजही नको, कारण त्यातल्या काहींना जंतुनाशक लावलेले असते. स्पंज तोंडाला लावून फुंकर मारा. हवा सहज आरपार गेली तर तो कामाचा. बरणी लोणच्याची असेल तर तेलाचा वास पूर्ण गेल्यावरच वापरा.

कपाच्या बुडाला पाईप घट्ट बसेल एवढे भोक पाडा आणि काठाला कात्रीने आठ-दहा खाचा द्या. कप बरणीत पालथा ठेवा आणि भोकातून पाईप आत सरकवा. पाईपचे टोक बरणीच्या तळापासून एक सेंटिमीटर वर राहू द्या. कपाच्या लगेच वर पाईपला गरम खिळ्याने बारीक भोक पाडून त्यात हवेची नळी खोचा. हे काम मोकळ्या हवेत करा, तापलेल्या प्लॅस्टिकचा धूर नाकात जाऊ देऊ नका. नळी पाईपच्या आत पाव इंचापेक्षा जास्त नको. टोकाला एअर स्टोन (बारीक बुडबुडे काढणारा सच्छिद्र दगड) लावू नका. बोअरच्या पाण्यातले क्षार स्टोनच्या छिद्रांत बसून महिना-दोन महिन्यांत तो चोंदतो, शिवाय एवढ्या बारीक पाईपात तो पाण्याचीच वाट अडवतो.

आता कपाभोवती खडी भरा, कप झाकला जाईपर्यंत. त्यावर खापऱ्या, त्यावर दीड-दोन इंच जाडीचा स्पंज आणि सगळ्यात वर फायबरचा पातळ थर. झाकणाला पाईपचे एक, हवेच्या नळीचे एक आणि पाणी आत यायला चार एमएमची पंचवीस-तीस भोके पाडा. पिल्ले असतील तर भोके दोन एमएमचीच ठेवा. सगळे साध्या पाण्याने धुवा, साबण अजिबात लावू नका. बरणी टाकीत बुडवून आडवी-तिडवी हलवा आणि स्पंज दाबून आतली हवा काढा. हवा राहिली की बरणी तरंगते.

पाईपचे वरचे टोक पाण्याच्या पातळीला किंवा बोटभर खाली राहील असे कापा. इथे बऱ्याच जणांचे चुकते. पाईप पाण्याच्या दोन-तीन इंच वर काढला की बुडबुड्यांना तेवढे पाणी उचलून धरावे लागते आणि प्रवाह एकदम मंदावतो. चालू केल्यावर चिमूटभर खाद्य चुरून झाकणाजवळ सोडा. कण हळूहळू भोकांकडे ओढले गेले की फिल्टर काम करतो आहे. बुडबुडे पाईपाऐवजी झाकणाच्या भोकांतून येत असतील तर आतली नळी निसटली आहे.

गाळ अडवणे हे या बरणीचे लहान काम आहे. माशांच्या मलमूत्रातून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. खापऱ्यांवर आणि स्पंजवर वाढणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राईट आणि मग कमी घातक नायट्रेट करतात. त्यांना राहायला जागा आणि प्राणवायू घेऊन वाहते पाणी देणे, हे मोठे काम.

एक गोष्ट न विचारता सांगतो : ५० लिटरला चार गोल्डफिश जास्त होतात. ते भरपूर खातात, भरपूर घाण करतात आणि मोठे होतात. दोन गोल्डफिश कुणाला तरी द्या, मग हाच फिल्टर पुरेल.

प्रश्न : कूलरचा १८ वॅटचा सबमर्सिबल पंप पडून आहे. तो टाकीत सोडून, वर डब्यात स्पंज भरून फिल्टर करायचा विचार आहे. चालेल ना? (परभणी)

उत्तर : रचना चांगली आहे, पण पंप नवा घ्या. कूलरमध्ये वापरलेल्या पंपात क्षाराचे थर आणि टाकलेल्या सुगंधाचे, औषधाचे अंश राहतात. त्याहून मोठी भीती विजेची. जुन्या पंपाची वायर किंवा सील गेलेली असली तर करंट पाण्यात उतरतो. नवा पंप घेतला तरी तीन पिनांचाच घ्या, अर्थिंग खरोखर जोडलेले आहे का हे इलेक्ट्रिशियनकडून तपासा आणि त्या लाईनवर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळताच लाईन तोडणारा स्विच) बसवा. पाण्यात हात घालण्याआधी प्लग काढायचा, फक्त बटण बंद करून भागत नाही. वायर प्लगकडे वर चढण्याआधी खाली झोळ देऊन सोडा, म्हणजे वायरवरून ओघळणारे पाणी सॉकेटात न जाता झोळातून खाली गळेल.

डबा म्हणून बाल्कनीच्या कठड्याला लावतात ती लांबट कुंडी उत्तम, साधारण पाच-सहा लिटरची. एका टोकाला पंपाचे पाणी पडेल, दुसऱ्या टोकाला तळाशी एक इंची टँक निपल (पाणी बाहेर जायची आटेदार जोडणी) रबरी वॉशरसह बसवा. आत येणारी नळी अर्धा इंची असेल तर बाहेर जाणारी वाट एक इंचापेक्षा लहान ठेवू नका. शिवाय काठाच्या दोन सेंटिमीटर खाली, टाकीच्या बाजूला, आणखी एक इंची भोक हवेच. स्पंज चोंदला की पाणी आतच साचते आणि हे भोक नसेल तर ते फरशीवर येते. पाण्याच्या वाटेत आधी स्पंज, मग प्लॅस्टिकच्या घासण्या आणि शेवटी खापऱ्या. स्टीलची तारेची घासणी चालत नाही, ती गंजते.

भरलेला डबा आठ-दहा किलोचा होतो. तो एका काचेवर टेकवू नका, टाकीच्या दोन्ही लांब काचांवर आडवी फळी टाकून तिच्यावर ठेवा.

पंप तळाशी ठेवायची सवय सोडा. डबा कुठे गळला तर तळातला पंप सगळी टाकी रिकामी करेल. तो पाण्याच्या वरच्या तिसऱ्या हिश्श्यात सक्शन कपने चिकटवा. मग काहीही झाले तरी माशांना निम्म्याहून जास्त पाणी राहते. उलट बाजूही लक्षात ठेवा : उन्हाळ्यात पाणी भराभर उडते आणि पंप उघडा पडून कोरडा चालला तर जळतो. पातळीची खूण काचेवर करून ठेवा.

प्रवाह ताशी पाण्याच्या चार-पाच पट पुरे, म्हणजे ५० लिटरला २०० ते २५० लिटर. मोजायला लिटरची बाटली घ्या आणि ती किती सेकंदांत भरते ते पाहून ३,६०० ला त्या आकड्याने भागा. बाटली १५ सेकंदांत भरली तर ताशी २४० लिटर. कूलरचे पंप याच्या कितीतरी पट पाणी फेकतात, म्हणून नळीत टी (तीन तोंडांचा जोड) आणि छोटा कॉक बसवून जास्तीचे पाणी परत टाकीत सोडा. फायटर मासे किंवा लांब शेपटीचे गोल्डफिश जोराच्या प्रवाहात थकून जातात.

विजेचा हिशोबही बघा. १८ वॅटचा पंप दिवसरात्र चालला तर महिन्याला सुमारे १३ युनिट, ५ वॅटचा एअर पंप साडेतीन युनिटांच्या आसपास. एकच टाकी असेल आणि लाईट वारंवार जात असेल, तर आमचे मत एअर पंपाच्या बरणीला आहे.

प्रश्न : आमच्याकडं लाईट कधी सहा-सहा तास जाते. मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात. मागच्या वेळी तर लाईट गेल्यावर एअर पंपातच पाणी शिरलं. (बीड)

उत्तर : पंपात पाणी शिरले कारण तो टाकीच्या पातळीपेक्षा खाली आहे. हवा थांबली की पाणी नळीतून उलटे उतरते. नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावा (बाण टाकीकडे), आणि शक्य असेल तर पंप टाकीपेक्षा वर, भिंतीला टांगून ठेवा.

मासे वर येतात ते प्राणवायूसाठी. २० अंशांच्या पाण्यात लिटरला सुमारे ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना ७.५ आणि ३५ अंशांना ६.९. उन्हाळ्यात पाण्यात तो मुळातच कमी आणि माशांना मात्र जास्त लागतो. लाईट जाणार हे माहीत असेल तर त्याआधी खाद्य देऊ नका. लाईट गेल्यावर मगने पाणी काढून वीतभर उंचीवरून परत ओता, दर अर्ध्या तासाला पाच-सात मिनिटे. टाकीवरचे काचेचे झाकण काढून जाळी टाका, आणि बाहेरच्या काचांना ओले फडके लावा. बर्फाची बाटली सोडायचीच असेल तर लहान सोडा. तापमान तासाला एक-दोन अंशांपेक्षा जास्त उतरले तर माशांना तो वेगळाच धक्का बसतो.

कायमचा उपाय म्हणजे पाच व्होल्टचा यूएसबी एअर पंप. तो एक वॅटच्या आसपास वीज घेतो. दहा हजार एमएएचच्या पॉवर बँकेवर रात्र आरामात निघते. फक्त काही पॉवर बँका एवढ्या कमी ओढीला आपोआप बंद होतात, म्हणून एक रात्र आधी चालवून पाहा.

फिल्टरमधल्या जिवाणूंनाही प्राणवायू लागतो. टाकीतली बरणी किंवा वरचा ओलसर डबा काही तास तग धरतो. बाहेर ठेवायचा बंद डब्याचा कॅनिस्टर असेल तर तीन-चार तासांनंतर त्यातले पाणी सडायला लागते. लाईट आल्यावर ते आधी बादलीत ओतून द्या, मग सुरू करा.

प्रश्न : नवी टाकी, नवा घरगुती फिल्टर. पाणी काचेसारखं स्वच्छ होतं, तरी दहा दिवसांत आठपैकी पाच मासे गेले. फिल्टरमध्ये काय चुकलं? (नांदेड)

उत्तर : बहुधा फिल्टरमध्ये काही चुकलेले नाही, त्यात जिवाणू अजून आलेले नव्हते. अमोनिया डोळ्यांना दिसत नाही. स्वच्छ पाण्यातही तो घातक पातळीला असू शकतो. इतर अनेक जिवाणू तासाभरातच दुप्पट होतात, हे अमोनिया खाणारे जिवाणू दुप्पट व्हायला जवळजवळ एक दिवस घेतात. म्हणून नवा फिल्टर तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात.

आपल्या भागात हा धोका वाढतो. अमोनियाचा काही हिस्सा विषारी रूपात असतो, आणि तो हिस्सा पीएच (पाणी आम्ल की अल्कधर्मी हे सांगणारा आकडा) व तापमानावर ठरतो. पाणी ३० अंश असताना पीएच ७ ला तो एक टक्क्याहून कमी असतो, पीएच ८ ला सात टक्क्यांच्या वर जातो. बोअरच्या पाण्याचा पीएच ८ च्या आसपास असणे इथे नेहमीचेच. एक दिलासा मात्र आहे : जड पाण्यात पीएच एकदम ढासळत नाही आणि फिल्टरमधल्या जिवाणूंना असेच पाणी मानवते.

पुढे रिकाम्या टाकीत पुन्हा सुरुवात करताना मासे न सोडता फिल्टर चालू ठेवा आणि रोज चिमूटभर खाद्य टाका. ओळखीत कुणाची जुनी निरोगी टाकी असेल तर त्यांच्या स्पंजचा तुकडा आणून तुमच्या बरणीत घाला. ओला, त्याच टाकीच्या पाण्यात आणि शक्यतो तासाभरात आणा. याने आठवडे वाचतात. अमोनिया आणि नायट्राईट मोजणारे थेंबांचे टेस्ट किट घ्या. अमोनिया आणि नायट्राईट दोन्ही शून्य आले की दोनच मासे सोडा, बाकीचे दर पंधरवड्याला थोडे थोडे. आत्ता उरलेल्या तिघांसाठी रोज पाव हिस्सा पाणी बदला आणि खाद्य एक दिवसाआड, दोन मिनिटांत संपेल एवढेच द्या.

प्रश्न : मी दर रविवारी फिल्टर नळाखाली चकाचक धुते आणि रात्री आवाजामुळं बंद ठेवते. सोमवारी पाणी दुधासारखं होतं. (जालना)

उत्तर : स्पंजवरचा तो बुळबुळीत तपकिरी थर म्हणजेच जिवाणू. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने ते मरतात, मग पाण्यात दुसरेच जिवाणू माजतात आणि पाणी दुधाळ दिसते. पाणी बदलताना टाकीतून काढलेले पाणी बादलीत घ्या, त्यात स्पंज दोन-तीन वेळा पिळा आणि परत बसवा. तो पांढरा व्हायची गरज नाही. हे तीन आठवड्यांतून एकदा, किंवा प्रवाह मंदावला की करा. खापऱ्या त्याच दिवशी धुऊ नका. त्या चार-सहा महिन्यांतून एकदा खळबळल्या तरी पुरे. वरचा फायबर मात्र फेकून नवा घाला.

फिल्टर रात्रीही चालूच हवा. आवाज येत असेल तर एअर पंपाखाली जाड स्पंजचा तुकडा ठेवा आणि पंप लाकडी कपाटावर ठेवू नका.

प्रश्न : फिल्टरमध्ये आणि तळाला कुठले दगड चालतात? गावात मुरूम, शहाबादी फरशीचे तुकडे, चुलीचा कोळसा, विटा सगळं फुकट आहे. (हिंगोली)

उत्तर : काळ्या दगडाची खडी सगळ्यात चांगली, तो बेसाल्ट पाण्यात फारसा विरघळत नाही. क्रशरची पूड निघून पाणी निवळ येईपर्यंत धुवा. मुरूम नको, तो भुगा होऊन पाणी गढूळ करतो. शहाबादी फरशी चुनखडकाची असते, आधीच जड असलेल्या पाण्यात आणखी क्षार घालते. नदीच्या वाळूतही चुनखडीचे पांढरे खडे असतात. ओळखायला कोरड्या दगडावर व्हिनेगर टाका आणि जवळून बघा : बारीक फेस उठला तर तो दगड बाजूला ठेवा.

वीट पक्की भाजलेली, खणखण वाजणारी असेल तर चालते. पांढरे क्षार फुटलेली नको. वीट असो वा खापरी, आठवडाभर भिजवा आणि रोज पाणी बदला. रंग दिलेला किंवा चकाकीचा माठ वापरू नका.

चुलीचा कोळसा म्हणजे ॲक्टिव्हेटेड कार्बन नव्हे. तो तरंगतो, राख सोडतो आणि शोषतो अगदी थोडे. विकतचा कार्बनही रोज लागत नाही. औषध दिल्यानंतर ते पाण्यातून काढायला किंवा लाकडाचा पिवळा रंग घालवायला तो कामाचा, आणि तीन-चार आठवड्यांनी बदलावा लागतो. औषध चालू असताना कार्बन काढून ठेवा, नाहीतर औषधच शोषले जाते.

प्रश्न : पाणी हिरवं झालंय. तुरटी फिरवू का? आणि सकर मासा सोडला की फिल्टर लागत नाही, हे खरं आहे का? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : माशांच्या टाकीत तुरटी नको. तिने पीएच उतरतो आणि तिचा गाळ कल्ल्यांवर बसतो. हिरवेपणा शेवाळाच्या सूक्ष्म पेशींचा असतो, त्या स्पंजमधून आरपार जातात. टाकी खिडकीच्या उन्हातून हलवा, दिवा सहा तासांवर आणा, खाद्य कमी करा. घाई असेल तर तीन-चार दिवस टाकी जाड चादरीने पूर्ण झाका, हवा चालू ठेवून.

सकर काचेवरचे शेवाळ खातो, पण स्वतः खूप घाण करतो आणि मोठा झाला की फूटभराच्या वर जातो. तो असेल तर फिल्टर जास्तच हवा. नकोसा झाला म्हणून त्याला विहिरीत, तळ्यात किंवा धरणात सोडू नका. तिथे तो वाढतो आणि स्थानिक माशांची अंडी व खाद्य संपवतो. दुकानदाराला परत द्या.

प्रश्न : नळाला आठ दिवसांनी पाणी येतं, कधी टँकर घ्यावा लागतो. माशांसाठी किती पाणी बदलणार? (धाराशिव)

उत्तर : मासे कमी आणि फिल्टर चांगला असेल तर आठवड्याला दहा टक्के, म्हणजे ५० लिटरला पाच लिटर पुरेल. टँकरच्या पाण्यात टीसीएल (ब्लीचिंग) पावडर जास्त पडलेली असू शकते, म्हणून पाणी उघड्या बादलीत एक-दोन दिवस ठेवा किंवा क्लोरीन काढायचे थेंब बाटलीवरच्या मापाने घाला.

उडालेले पाणी भरून काढताना बोअरचे वापरू नका. उडते ते निव्वळ पाणी, क्षार टाकीतच राहतात. प्रत्येक वेळी बोअरचे पाणी ओतले की क्षार चढत जातात. यासाठी विकतच्या आरओ जारचे किंवा साठवलेले पावसाचे पाणी वापरा. मात्र आख्खी टाकी आरओच्या पाण्याने भरू नका आणि आरओ मशीनचे बाहेर टाकलेले पाणीही घालू नका, त्यात क्षार आणखी दाट असतात.

वरच्या डब्याचा फिल्टर असेल तर त्यात मनी प्लँटच्या दोन-तीन फांद्या रोवा, मुळे पाण्यात आणि पाने बाहेर. मुळे नायट्रेट ओढून घेतात, त्यामुळे पाणी बदलण्याची गरज लांबते. काढलेले पाच लिटर पाणी तुळशीला आणि कढीपत्त्याला घाला. मात्र टाकीत मीठ किंवा औषध टाकलेले असेल त्या आठवड्यात नको.

प्रश्न : सहा महिने छान चालला, आता बुडबुडे निम्मेच येतात. पंप गेला का? (अंबाजोगाई)

उत्तर : नळी पंपापासून सोडवून बोटावर हवा घेऊन पाहा. हवा जोरात असेल तर दोष पुढे आहे : पाईपातल्या नळीच्या टोकाला क्षार बसले असतील. ते टोक तासभर व्हिनेगरमध्ये बुडवा आणि धुऊन परत खोचा, किंवा अर्धा इंच कापून टाका. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हही फुंकून तपासा. पंपातूनच हवा कमी येत असेल तर प्लग काढून खालचा स्क्रू उघडा आणि हवा आत घ्यायच्या जागेचा छोटा फेल्ट धूळ झटकून लावा. तरीही फरक नसेल तर आतला रबरी डायफ्रॅम उजेडात ताणून पाहा, बहुतेक वेळा कडेला बारीक चीर सापडते. डायफ्रॅम सुटा मिळतो. जुना सोबत नेऊन त्याच मापाचा आणा.